पेन कुणी हरवलं? ॲन फ्रँकच्या एका नोंदीविषयी



आजचा विषय जाहीर झाला आणि आमच्याकडे हकिगतींचा ढीग आला. कुणाचं वडिलांनी दिलेलं पेन लोकलच्या गर्दीत खिशातून गेलं, कुणाचं बँकेत "जरा पेन देता का" म्हणणाऱ्या गृहस्थाबरोबर दाराबाहेर पडलं. एका बाईंनी कळवलं, की त्यांचे सासरे पेन उसनं देताना टोपण स्वतःच्या हातात ठेवत. बिनटोपणाचं पेन कुणी खिशात घालून नेत नाही. हा उपाय आपल्याकडे पोस्टात, तलाठ्याच्या कचेरीत, शाळेच्या शिक्षकखोलीत सगळीकडे चालायचा, आणि पेन जपण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये आम्हाला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हकिगती आम्ही सगळ्या वाचल्या. पण आज त्या सांगायच्या नाहीत. आज एक मजकूर वाचायचा आहे.

त्याआधी एक तक्रार. शाईपेनावर मराठीत पुष्कळ ललित लिहिलं गेलंय, अजूनही दिवाळी अंकांत एखादा तरी लेख असतोच. तो कसा असतो? दौत, ड्रॉपर, टिपकागद, खडूने टिपलेली शाई, फरशीवर घासलेलं निब, सदऱ्याच्या खिशावरचा निळा डाग, मग वडिलांनी दहावीला घेऊन दिलेलं पेन, मग ते हरवलं, आणि मग हल्लीच्या मुलांना काय कळणार. तपशील खरे असतात, त्यात खोट नाही. पण पेन हरवण्याची जी घटना, ती एका वाक्यात उरकलेली असते. ते पेन कुठे होतं, कोणी कुठे ठेवलं होतं, त्या वेळी घरात काय चाललं होतं, कोण कुठे बसलं होतं, यातलं काही कळत नाही. लेखकाला पेनाशी कर्तव्य नसतं, हळहळीशी असतं. म्हणजे पेन तिथे दुसऱ्यांदा हरवतं.

या प्रकारचं उत्तम लेखन जिथे आहे ते भारतीय भाषांमध्ये आम्हाला बंगालीत दिसतं. 'श्रीपांथ' या नावाने लिहिणाऱ्या निखिल सरकारांचा 'हारिये जाओया कालि कलम' हा लेख पश्चिम बंगालमध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यात बांबूची लेखणी आहे, चुलीवरच्या कढईच्या बुडाची काजळी खरवडून केलेली शाई आहे. आणि एक प्रसंग आहे: कॉलेज स्ट्रीटवरचा दुकानदार जपानी पायलट पेन सर्कशीतल्या सुरीफेक्यासारखं लाकडी फळीवर फेकून मारतो आणि निबला काही झालं नाही हे दाखवतो. हा प्रसंग लक्षात राहतो, कारण तिथे वस्तू हलते, तिला वजन आहे, टोक आहे. तरीसुद्धा तो लेख शेवटी एका युगाविषयी आहे. एका विशिष्ट पेनाच्या नाहीसं होण्यावर, फक्त त्याच्यावर लिहिलेला मजकूर हवा असेल तर ॲमस्टरडॅमला जावं लागतं.

ॲन फ्रँकच्या डायरीतली ११ नोव्हेंबर १९४३ची नोंद. डायरीचे मराठी अनुवाद झाले आहेत, अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. पण ही नोंद बहुतेकांना आठवत नाही, कारण तिच्यात बॉम्ब नाहीत, पोलीस नाहीत, पीटरही नाही. तिला लेखिकेने स्वतःच मथळा दिलाय: आपल्या फाउंटन पेनाची स्तुती, आणि खाली 'स्मृत्यर्थ'. जास्तीत जास्त दीड-दोन पानांची.

मजकूर काय आहे ते आमच्या शब्दांत सांगतो. ॲन नऊ वर्षांची असताना फेब्रुवारीत तापाने अंथरुणावर होती, बाहेर वारा घोंघावत होता, आणि जर्मनीतल्या आखेनहून आजीने पाठवलेलं पेन कापसात गुंडाळून आलं. पाकिटावर शेरा होता, व्यापारी किंमत नसलेला नमुना. पेनाला लाल कातडी पेटी होती. पहिल्याच दिवशी ते मैत्रिणींना दाखवून झालं. दहाव्या वर्षी ते शाळेत न्यायची परवानगी मिळाली आणि बाईंनी त्याने लिहूही दिलं. अकराव्या वर्षी पुन्हा कपाटात, कारण सहावीच्या बाईंना शाळेचे टाक आणि दौतीच चालत. बाराव्या वर्षी ज्यू मुलांच्या शाळेत गेल्यावर पेनाला नवी पेटी मिळाली, पेन्सिलही मावेल अशी, आणि चेनची. तेराव्या वर्षी ते तिच्याबरोबर लपण्याच्या जागी आलं. चौदावं वर्ष हे त्याचं शेवटचं.

मग शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. ती आपल्या खोलीतून बाहेर येते, टेबलाशी लिहायला बसणार, तर तिला बाजूला ढकललं जातं. वडिलांना आणि मार्गोटला लॅटिनचा अभ्यास करायचाय. पेन टेबलावर तसंच राहतं. तिच्या वाट्याला टेबलाचा कोपरा येतो आणि घेवड्याचे दाणे येतात. त्यांच्यावर बुरशी आलेली, ती चोळून काढायची. पावणेसहाला ती जमीन झाडते, केर आणि सडके दाणे वर्तमानपत्रात गोळा करून शेगडीत टाकते. विझत आलेली शेगडी भपकन पेटते. तिला मजा वाटते. लॅटिन संपतं, टेबल मोकळं होतं, ती लिहायला बसते तर पेन नाही. मार्गोट शोधते, आई शोधते, वडील शोधतात, खोलीचे वाटेकरी डुसेलसाहेबही शोधतात. दाण्यांबरोबर शेगडीत गेलं असेल, असं मार्गोट म्हणते. छे, ते कसं शक्य आहे, असं ॲन म्हणते. रात्रीपर्यंत सापडत नाही तेव्हा सगळ्यांची खात्री होते, कारण सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं. दुसऱ्या दिवशी वडील शेगडी साफ करतात तर राखेत पेनाची क्लिप मिळते. सोन्याचं निब नाही. ते वितळून कुठल्यातरी दगडाला चिकटलं असणार, असं वडील म्हणतात. आणि लेखिका म्हणते, एक समाधान आहे, पेनाला अग्नी मिळाला, पुढे आपल्यालाही तोच मिळावा अशी तिची इच्छा आहे.

आता ही नोंद कशी वाचली जाते ते बघा. जिथे जिथे तिचा उल्लेख होतो तिथे तिथे हे शेवटचं वाक्यच उचललेलं असतं. कारण आपल्याला पुढचं ठाऊक आहे. फेब्रुवारी किंवा मार्च १९४५मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छावणीत ॲन टायफसच्या साथीत गेली, आणि सामुदायिक खड्ड्यात पुरली गेली. त्यामुळे ते वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. तो यायलाच हवा, त्याबद्दल आमचं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की तो काटा आपल्याला पुढच्या माहितीने आणलेला असतो, मजकुराने नाही. ॲनच्या लेखी ते वाक्य हसवणारं आहे. मृत्युलेखाची भाषा एका पेनाला लावून ती थट्टा करतेय, आणि शेवटच्या ओळीत थट्टा पुरी करतेय. आपण त्या एका ओळीपाशी डोळे पुसतो आणि आधीचं दीड पान न वाचताच पुढे जातो. आमच्या मते जे काही आहे ते त्या दीड पानात आहे.

पहिली गोष्ट, पाकिटावरचा शेरा. ॲनचा जन्म १२ जून १९२९चा. नऊ वर्षांची असतानाचा फेब्रुवारी म्हणजे फेब्रुवारी १९३९. त्याच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर १९३८मध्ये, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली-फोडली गेली होती. आणि त्याच फेब्रुवारीच्या २१ तारखेला जर्मनीतल्या ज्यूंनी आपल्याकडचं सोनं, चांदी, जडजवाहीर सरकारजमा करावं असा हुकूम निघाला. पेन हुकमाच्या आधी आलं की नंतर, हे नोंदीवरून ठरत नाही, आणि ते ठरवण्याची गरजही नाही. त्या महिन्यात आखेनमधली एक ज्यू आजी सोन्याचं निब असलेलं पेन सीमेपलीकडे नातीला पाठवते आणि त्यावर किंमत नसलेला नमुना असा शेरा असतो, एवढं पुरे आहे. पुढच्याच महिन्यात ती आजी, रोझा होलेंडर, स्वतः ॲमस्टरडॅमला मुलीकडे आली. जानेवारी १९४२मध्ये ती वारली. नोंदीत यातलं काही नाही. आजीचा उल्लेख एकदाच, कंसात, प्रेमळ दाती म्हणून. मथळ्यातलं 'स्मृत्यर्थ' फक्त पेनासाठी आहे असं आम्हाला वाटत नाही. पण लेखिका ते बोलून दाखवत नाही, आणि आपणही तिच्या तोंडी घालू नये.

दुसरी, पेट्या. नोंदीत पेनाला दोन पेट्या मिळतात, लाल कातडी आणि मग चेनची. दुसरी कधी मिळाली? ज्यू शाळेत गेल्यावर. ती त्या शाळेत का गेली? कारण १९४१मध्ये नाझींच्या हुकमाने ज्यू मुलांना इतर शाळांतून काढलं. नोंद हे सांगत नाही, चेन किती रुबाबदार दिसायची ते सांगते. इथे भाबडेपणा आहे का? आम्ही म्हणू, नाही. लिहिणारी मुलगी त्या वेळी हुकमांची यादी पाठ म्हणून दाखवू शकत होती. डायरीत दुसरीकडे तिने ती दिलीही आहे. पण हा मजकूर पेनाचं चरित्र आहे, आणि पेनाच्या चरित्रात शाळा बदलणं म्हणजे पेटी बदलणंच. ती चौकट ती मोडत नाही. एखादा मुरलेला लेखकही इथे मोह आवरू शकला नसता, एक वाक्य तरी परिस्थितीवर टाकलं असतं.

तिसरी आणि आमच्या दृष्टीने मुख्य गोष्ट, टेबल. या पेनाला चार वर्षं नऊ महिने कोण जपतंय ते बघा. घर जपतंय, शाळा जपतेय, पेटी जपतेय; दर वर्षी कुणीतरी ठरवतंय, की पेन बाहेर काढायचं की आत ठेवायचं. आणि जातं कधी? पाच ते पावणेसहा, अवघ्या पाऊण तासात. ते जातं कारण जिची ती वस्तू तिला तिच्यापासून उठवलं जातं. पेन टेबलावर राहतं आणि ती कोपऱ्यात दाणे चोळत बसते. हरवण्याचं कारण तिचा वेंधळेपणा नाही. टेबल एक आणि माणसं आठ, हे कारण आहे.

हे आम्ही ओढूनताणून लावत नाही. त्याच वर्षीच्या १३ जुलैची नोंद काढून बघा. ती सगळी टेबलाविषयी आहे. ॲन आणि डुसेल (खरं नाव फ्रिट्झ फेफर, व्यवसायाने दंतवैद्य) एका खोलीत राहत. त्या खोलीत एक लहान टेबल होतं. डुसेल दुपारी झोपत तेवढा वेळ ते ॲनला मिळे, बाकी वेळ त्यांचं. ॲनने आठवड्यातून दोन दिवस दुपारचा थोडा आणखी वेळ मागितला, अगदी अदबीने. ते नाही म्हणाले. आपलं काम गंभीर आहे, हिचं ते काय, असा सूर. शेवटी वडील मध्ये पडले तेव्हा कुठे तिला दोन दुपारी मिळाल्या. चार महिन्यांनी पेनाच्या नोंदीत तीच मुलगी पुन्हा टेबलापाशी येते आणि पुन्हा उठवली जाते. या वेळी उठवणारे डुसेल नाहीत, तिचे लाडके वडीलच आहेत, आणि कारणही चांगलं आहे, लॅटिन. लॅटिन हा अभ्यास, डायरी हा नाद. डुसेलवर ती पानभर चिडू शकते. इथे तिने एक शब्द वापरलाय, ढकलण्यासाठीचा, आणि लगेच दाण्यांकडे वळली आहे.

आम्हाला ही नोंद म्हणूनच महत्त्वाची वाटते. लिहिणाऱ्या बाईला जागा लागते, हे इंग्रजीत व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली मांडलं. इथे एका चौदा वर्षांच्या मुलीने ते न मांडता दाखवलंय. आणि फिर्याद म्हणूनही नाही. जो मजकूर पेन गेल्याचा मृत्युलेख म्हणून लिहिलाय त्यात लिहिणारीची खुर्ची कशी गेली ते आपोआप आलंय.

आता आगीकडे या. शेगडी भपकन पेटते आणि तिला मजा वाटते, हे मी वर सांगितलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला या क्षणी काहीच संशय येत नाही, कारण बुरशीचे ओलसर दाणे आणि केर एवढे का पेटावेत हा प्रश्न आपण विचारत नाही. दोन परिच्छेदांनंतर सेल्युलॉइड हा शब्द येतो आणि मग मागचा भपका कळतो. ज्या ज्वाळेकडे ती कौतुकाने बघत होती ती तिच्या पेनाची होती. लिहिताना तिला हे माहीत आहे, पण त्या क्षणापाशी ती काही कळू देत नाही. हे रचलेलं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं निरागस रोजनिशीलेखन असं जे या डायरीबद्दल सरसकट म्हटलं जातं, ते हा परिच्छेद वाचल्यावर टिकत नाही.

आणि क्लिप. पूर्वी फाउंटन पेनांना क्लिप नसायची. खिशात उभी राहत आणि वाकलं की पडत, टेबलावरून गडगडत. वॉटरमन कंपनीने १९०५च्या सुमारास टोपणालाच क्लिप बसवली. पेन हरवू नये एवढंच त्या पत्र्याच्या पट्टीचं काम. ॲननेही ती खिशाला अडकवण्याची म्हणूनच सांगितली आहे. राखेत नेमकी तीच सापडते. यावर ती एक अक्षर टिप्पणी करत नाही, आम्हीही करत नाही.

इथे थोडं विषयांतर, कारण जपणुकीबद्दल विचारणाऱ्यांची संख्या मोठी होती. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. १९२०च्या आणि ३०च्या दशकांतली जी रंगीत, संगमरवरी लहरींची पेनं आज लोक तिजोरीत ठेवतात ती बरीचशी याची. हा पदार्थ पेटतो हे एक. पण तो न पेटताही मरतो. जुनं सेल्युलॉइड हळूहळू आम्लयुक्त वायू सोडतं. पेन हवाबंद डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत, वर्षानुवर्षं कडेकोट ठेवलं तर तो वायू आतच राहतो आणि पेन स्वतःच्याच वाफेत कुजतं. भेगा पडतात, भुगा होतो, शेजारच्या पेनांनाही लागण होते. आतल्या रबरी पिशवीतून गंधकाच्या वाफा निघतात त्यांनी हिरवी-निळी पेनं आतून काळवंडतात. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, काळं पेन उन्हात आणि ओलाव्यात तपकिरी होतं. आपल्या कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लिव्हरची आतली पोलादी पट्टी गंजते. शाई आत वाळू दिली तर जीभ बुजते. उपाय साधा आहे. हवा लागू द्या, ऊन लागू देऊ नका, कपाटातल्या डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका, शाई वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा, आणि शक्यतो लिहीत राहा. ज्या पेनाने रोज लिहिलं जातं ते रोज उघडलं जातं आणि रोज पाहिलं जातं. बिघाड लवकर कळतो.

जपणारे लोक मात्र नेमकं उलट करतात. यात संग्राहकांचा बाजार आणखी भर घालतो. पूर्वी दुकानात पेनावर नाव कोरून मिळायचं. आजोबांचं नाव असलेलं पेन घरच्यांना अमूल्य असतं. बाजारात बहुतेकदा ते कोरलेलं नाव दोष धरतात आणि किंमत कमी करतात. म्हणजे वस्तूवर माणसाची खूण जितकी कमी तितकी ती वस्तू मौल्यवान! या हिशेबात न वापरलेलं, शाईचा थेंब न पाहिलेलं पेन सर्वांत वर जातं.

त्या टोकाचं उदाहरण आपल्या देशातच घडलं. २००९ साली माँब्लां कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचं पेन काढलं, निबवर त्यांची आकृती, संख्या २४१, का तर दांडीयात्रा २४१ मैलांची. किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २०१०मध्ये विक्री थांबवावी लागली. कायद्याची बाजू बाजूला ठेवू. वस्तू म्हणून बघा: हे पेन हरवण्याची शक्यता नाही, कारण ते कुणी खिशाला लावणारच नाही. आणि ज्यांच्या नावाने काढलं त्यांनी परदेशी पेनं बाजूला सारून वर्ध्यात बोरू वापरला होता, आणि राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी पूर्ण देशी पेन करून पाठवलं तेव्हा १९३५मध्ये पोच देणारं पत्र लिहिलं होतं.

गांधीजींचीच दुसरी एक गोष्ट मात्र ॲनच्या नोंदीशेजारी ठेवण्यासारखी आहे. ती सांगणारे काका कालेलकर, साताऱ्यात जन्मलेले. १९१५च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी टेबलावर काहीतरी शोधत होते. काय, तर पेन्सिल. कालेलकरांनी स्वतःची देऊ केली. नको, तीच हवी. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने ती प्रेमाने दिली होती, हरवून कसं चालेल? दोघांनी शोधली. सापडली तेव्हा ती दोन इंचांचीही नव्हती.

पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत या गोष्टीचं तात्पर्य सर्रास काटकसर असं सांगतात. मंडळी, हे सपशेल चूक वाचन आहे. काटकसर हवी असती तर कालेलकरांची पेन्सिल फुकट मिळत होती, ती घेऊन काम पुढे गेलं असतं. काँग्रेसच्या गडबडीत वेळ घालवून तोच तुकडा शोधणं ही उधळपट्टी आहे, वेळेची. गोष्ट देणाऱ्या मुलाची आहे. ॲनच्या नोंदीत आजी कंसात आहे, इथे मुलगा मध्यभागी आहे. पण दोन्हीकडे वस्तूला पर्याय का चालत नाही याचं कारण एकच. फरक असा, की कालेलकर गोष्ट सापडण्यावर संपवतात, आणि वस्तू सापडली की तात्पर्य काढणाऱ्यांची सोय होते. ॲनचं पेन सापडत नाही. शिवाय ती आणखी एक कारण देते जे कालेलकरांच्या गोष्टीत नाही: त्या पेनाचं निब जाड होतं, आणि तिला जाड निबनेच नीट लिहिता येई. हे कारागिराचं कारण आहे. आठवण म्हणून जपलेली वस्तू आणि हत्यार म्हणून जपलेली वस्तू या तिच्या बाबतीत एकच होत्या.

आता शेवटचा मुद्दा, हस्तलिखिताचा. यासाठीच ही नोंद निवडली.

२८ मार्च १९४४ला लंडनहून डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना सांगितलं, की युद्धकाळातल्या रोजनिश्या, पत्रं जपून ठेवा. ॲनने ते ऐकलं आणि मे महिन्यात आपली डायरी पुस्तक म्हणून पुन्हा लिहायला घेतली, सुट्या पानांवर. ४ ऑगस्टला पकडले जाईपर्यंत अशी २१५ पानं झाली. म्हणजे डायरीच्या मोठ्या भागाच्या दोन प्रती आहेत, वहीतली पहिली आणि सुट्या पानांवरची दुसरी. मात्र डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या काळाच्या मूळ वह्या हरवल्या. त्या आजतागायत नाहीत. पेन जळाल्याची नोंद नेमकी त्या वर्षातली.

म्हणजे आपण वाचतो तो मजकूर पेन गेल्याच्या आठवड्यातला नाही. तो १९४४च्या उन्हाळ्यातला आहे, दुसऱ्याच पेनाने लिहिलेला, पंधरा वर्षांच्या किंवा व्हायच्या बेतात असलेल्या लेखिकेने, पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून. मजकुराच्या सुरुवातीला ती त्याला प्रकरण म्हणते, नोंद म्हणत नाही. वर आम्ही आगीच्या परिच्छेदाला रचलेला म्हटलं ते यामुळेही.

त्या पानांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोलीस गेल्यावर मीप खीस आणि बेप फॉस्काउल यांनी जमिनीवर विखुरलेली पानं गोळा केली. मीपने ती आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि वाचली नाहीत. पुढे त्या म्हणत, वाचली असती तर जाळावी लागली असती, कारण त्यात मदत करणाऱ्यांची नावं होती. १९४५मध्ये मुली गेल्याचं कळल्यावर त्यांनी ती वडिलांच्या हाती दिली, १९४७ला पुस्तक निघालं. मग डायरी बनावट आहे म्हणणारे निघाले; बॉलपेनने लिहिलेले दोन कागद पानांत सापडल्याचा त्यांनी फार गवगवा केला. ते कागद नंतर दुसऱ्या कुणाच्या हातचे, डायरीच्या मजकुराबाहेरचे असल्याचं दिसून आलं. नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कागद, डिंक, अक्षर आणि शाई तपासली आणि १९८६च्या चिकित्सक आवृत्तीत तो अहवाल छापला. डायरी खरी ठरण्यात त्या काळच्या फाउंटन पेनाच्या शाईचाही वाटा आहे.

वेळ होत आला. एका श्रोत्याने विचारलंय, की वडिलांनी मुलीला टेबलावरून उठवलं हे ऑटो फ्रँक यांनी छापताना गाळलं का नाही. चांगला प्रश्न आहे. त्यांनी संपादन करताना काही भाग गाळले हे सर्वज्ञात आहे, विशेषतः आईविषयीचे आणि शरीराविषयीचे. ढकलण्याचं वाक्य मात्र त्यांनी ठेवलं, लॅटिनसकट. पुढच्या वेळी आपण त्यांच्या संपादनाबद्दल बोलणार आहोत. येताना १३ जुलैची नोंद वाचून या.